वाचकांचे प्रश्न : पायाची नखे आणि पायांचे डॉक्टर

मागील अंकात मधुमेहाविषयीची उत्तरे प्रसिद्ध झाल्यानंतर पायांच्या, आणि विशेषतः पायाच्या नखांच्या तक्रारी विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांपैकी नागपूर शहर व जिल्ह्यातील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे असून रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही अंगठ्यांची नखे जाड, पिवळट आणि वाकडी झाली आहेत. त्यांना वाकता येत नसल्यामुळे घरी दाढी करायला येणारे न्हावीकाका ब्लेडने नखे कापून देत असत. गेल्या तपासणीत मधुमेहाच्या डॉक्टरांनी पाय पाहिले आणि यापुढे नखे पोडिआट्रिस्टकडूनच कापून घ्यावीत, असे सांगितले. सासऱ्यांना पायाचा काहीच त्रास नाही. ‘नखे कापायला डॉक्टर कशाला?’ असे ते विचारतात. हे खरोखर आवश्यक आहे काय? — एक वाचिका, अजनी

उत्तर : सासऱ्यांना पायाचा काहीच त्रास नाही, हे वाक्य आपण दिलासा म्हणून लिहिले असावे, मला मात्र आपल्या पत्रातील तेच वाक्य सर्वाधिक काळजीचे वाटले. इतके जाड आणि वाकडे नख चपला-बुटांच्या दाबाने खालच्या मांसावर रुतत असते आणि पायाची जाणीव शाबूत असेल तर ते बहुधा दुखते. १८ वर्षांच्या मधुमेहानंतर ते मुळीच दुखत नसेल, तर पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत काय, हे तपासल्याशिवाय त्या पायाला निरोगी म्हणता येणार नाही. आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि तो अवश्य पाळावा.

पोडिआट्रिस्ट म्हणजे पाऊल, घोटा आणि नखे यांच्या विकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ. ब्रिटन आणि अमेरिकेत हा स्वतंत्र पदवी आणि स्वतंत्र परवाना असलेला व्यवसाय आहे. आपल्याकडे असे शिक्षण घेतलेले तज्ज्ञ अजून थोडे आहेत, त्यामुळे हे काम बहुतेक ठिकाणी मधुमेहतज्ज्ञ, सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि पायांच्या निगेचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका मिळून करतात. म्हणून दवाखान्याच्या पाटीवर कोणता शब्द लिहिला आहे यापेक्षा आत काय केले जाते, हे पाहावे. पायाची जाणीव आणि रक्तपुरवठा न तपासता थेट नख कापायला घेणारी जागा, पाटी कितीही मोठी असली तरी, आपल्या सासऱ्यांसाठी योग्य नाही.

पहिल्या भेटीत नखाला हात लावण्यापूर्वी संपूर्ण पाय तपासला जातो. मोजे काढून रुग्णाला आडवे झोपवतात, प्रत्येक दोन बोटांमधली फट उघडून पाहतात, टाचेच्या भेगा, तळव्यावरचे घट्टे, त्वचेचा रंग आणि तापमान यांची नोंद करतात. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी हाताला लागते काय, हे पाहतात. ती नीट लागत नसेल तर घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी आल्यास पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शक्यता असते. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक झाल्यामुळे हाच आकडा कधी कधी फसवा, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त येतो. त्यामुळे तो १.४ च्या वर गेला तरी समाधान मानत नाहीत आणि पुढील तपासण्या करतात.

यानंतरची तपासणी आपण स्वतः जवळ बसून पाहावी, अशी माझी विनंती आहे. एका दांड्याला नायलॉनचा जाडसर धागा बसवलेला असतो आणि १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि धागा टेकल्याचे जाणवताच ‘हो’ म्हणायचे, एवढेच करायचे असते. अंगठ्याच्या तळाशी आणि बोटांमागच्या उंचवट्यांवर धागा टेकवून, वाकवून, उचलून झालेला असतो, आणि रुग्ण डोळे मिटून अजून तो टेकण्याची वाट पाहत असतो. ‘लावा ना, डॉक्टरसाहेब’ असे म्हणणारे आजोबा मी पाहिले आहेत. सासऱ्यांचा प्रश्न तेथे बहुधा आपोआप मिटेल. या तपासणीला जोडूनच १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने कंप जाणवतो काय, तेही पाहतात. जाणीव कमी आढळल्यास रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाणही तपासून घ्यावे, कारण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते आणि त्यामुळेही नसा बधिर होतात.

नखे कापण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि दोन्ही पायांना मिळून अर्धा-पाऊण तास सहज लागतो. निर्जंतुक केलेल्या मजबूत चिमट्यासारख्या कटरने जाड नखाचे एका कडेपासून लहान लहान तुकडे काढले जातात. एका झटक्यात नख तोडले जात नाही, कारण तसे केल्यास ते आतपर्यंत चिरते. मग बारीक फिरत्या यंत्राने नखाची जाडी घासून कमी करतात. नखाखाली साचलेला भुगा काढल्यावर कधी कधी तेथे ओलसर, लालसर जखम सापडते, जिची ना रुग्णाला कल्पना असते ना घरच्यांना. जाड नख वेळोवेळी पातळ करून घेण्याचे खरे कारण हेच आहे. नख चांगले दिसावे, हा त्यामागचा हेतू नाही. सासरे रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नये, फक्त तपासणाऱ्यांना तसे आधी सांगावे.

न्हावीकाकांच्या हातातील कसब मला मान्य आहे आणि अनेक घरांत त्यांनी म्हाताऱ्या माणसांची मनोभावे सेवा केली आहे. परंतु बधिर पायाला ब्लेड लागले तर रुग्ण ‘हाय’ म्हणत नाही, आणि न्हावीकाकांना ते कळायला दुसरा मार्ग नाही. हीच गोष्ट ब्यूटी पार्लरमधील पेडिक्युअरची आहे. अनेकांचे पाय बुडवलेले टब, टाच खरवडण्याची पाती आणि नखाच्या मुळाशी असलेली त्वचा मागे ढकलण्याची सवय, यांपैकी एकही गोष्ट मधुमेह असलेल्या बधिर पायासाठी सुरक्षित नाही.

विदर्भाला बधिर पायांची ओळख मधुमेहामुळे झालेली नाही. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेत ज्यांनी आयुष्य वेचले त्यांनी असे पाय रोज पाहिले आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलेले सर्जन पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले की, कुष्ठरोगात बोटे झडतात ती मांस आपोआप कुजल्यामुळे नव्हे, तर जाणीव गेलेल्या हातापायांना नकळत होणाऱ्या इजांमुळे. आज मधुमेहाच्या रुग्णांना दिली जाणारी मऊ मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजेच एमसीआरची चप्पल कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी झालेल्या कामातूनच आपल्यापर्यंत आली आहे. तिला ‘रोग्याची चप्पल’ म्हणून नाकारणारे अनेक जण भेटतात. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण तिने वाचवलेल्या पायांची गणती नाही.

घरी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या रोज कराव्या लागतात. रात्री झोपण्यापूर्वी घरातील कोणीतरी चांगल्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या फटी पाहाव्यात. पाय धुतल्यावर फटी कोरड्या कराव्यात. मलम तळव्याला आणि टाचेला लावावे, फटींत लावू नये. नागपूरच्या थंडीत शेकोटीजवळ किंवा हीटरपुढे पाय ठेवण्याची आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकण्याची सवय असते. बधिर पायाला अशाने फोड येतो आणि तो सकाळी मोजा काढल्यावर दिसतो. पाण्याचे तापमान सासऱ्यांच्या पायाने नव्हे, तर आपल्या हाताच्या कोपराने पाहावे. बिडी असो वा खर्रा, तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हेही त्यांना सांगावे. पुन्हा तपासणीला कधी जायचे, हे जोखमीवर ठरते : जाणीव आणि रक्तपुरवठा दोन्ही चांगले असतील तर वर्षातून एकदा पुरते, यांपैकी एक गोष्ट बिघडली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, दोन्ही बिघडल्या असतील तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि पूर्वी जखम होऊन गेली असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवावा लागतो. नखे मात्र यापेक्षा लवकर वाढतात, त्यामुळे ती कापून घेण्यासाठी मधेही जावे लागेल.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यात काम करतो. दिवसभर सेफ्टी शूज घालावे लागतात. उजव्या अंगठ्याचे नख एका कडेने मांसात रुतते, तेथे सूज येते आणि पू होतो. मागील वर्षी एका दवाखान्यात पूर्ण नख काढले होते. नवीन नख आले आणि तेही रुतू लागले. पुन्हा पूर्ण नख काढावे काय? मध्यभागी व्ही आकाराची खाच पाडल्याने नख आत वळत नाही, असे एकाने सांगितले, ते खरे आहे काय? — एक वाचक, हिंगणा मार्ग

उत्तर : केवळ त्याच उद्देशाने पूर्ण नख पुन्हा काढून घेऊ नये. नख त्वचेखाली, मुळाशी असलेल्या पेशींपासून तयार होते, आणि त्या पेशी तशाच राहिल्या तर नवे नखही त्याच रुंदीने आणि त्याच वळणाने येते. शिवाय पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते, म्हणजे अंगठ्याचे संपूर्ण नख यायला बारा ते अठरा महिने लागतात. तेवढ्या काळात अंगठ्याच्या टोकाचे मांस नखाच्या आधाराविना वर उचलले जाते आणि पुढे येणारे नख त्याच्यावर जाऊन आदळते. खाच पाडण्याचा उपायही निरुपयोगी आहे. नख मुळापासून पुढे सरकते. टोकाला खाच पाडल्याने त्याच्या कडा मध्याकडे ओढल्या जात नाहीत.

आपल्यासारख्या वारंवार होणाऱ्या त्रासात फक्त रुतणाऱ्या कडेची अरुंद पट्टी काढून तिच्या मुळावर फिनॉल लावण्याची शस्त्रक्रिया करतात. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तो बधिर करतात. संपूर्ण प्रक्रियेत दुखते ते एवढ्याच वेळी. रक्त थांबवण्यासाठी अंगठ्याला रबरी पट्टी बांधतात, नखाच्या कडेची काही मिलिमीटर रुंद पट्टी टोकापासून मुळापर्यंत सरळ चिरून बाहेर काढतात आणि त्या जागेतील मुळाच्या पेशींवर फिनॉल लावतात, जेणेकरून त्या कडेला पुन्हा नख उगवत नाही. उरलेले नख शाबूत राहते, फक्त थोडे अरुंद दिसते. आपण त्याच दिवशी चालत घरी जाऊ शकता, परंतु फिनॉलमुळे जखम दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही थोडी अधिक, ओलसर राहते आणि तिच्यातून पाणी झिरपते. हे अपेक्षित असते. लाली अंगठ्याच्या वर पसरू लागली, ताप आला किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तरच घाबरण्याचे कारण आहे. वय कमी असले तरी आधी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

पू झाला की प्रत्येक वेळी अँटिबायोटिकची गोळी घेतली जाते, पू थांबतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच घडते. नखाचा अणकुचीदार काटा मांसात असेपर्यंत गोळीने कायमचा गुण येणार नाही. त्रास नुकताच सुरू झालेल्या वाचकांना मात्र शस्त्रक्रिया न करताही बरे वाटू शकते. कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, नीट कोरडा करावा, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवावी किंवा कडेचे मांस चिकटपट्टीने नखापासून दूर ओढून ठेवावे. आणि नख कोपरे न गोलावता आडवे सरळ कापावे, बोटाच्या टोकाएवढे लांब ठेवावे. मधुमेह असलेल्यांनी हे प्रयोग घरी करू नयेत.

आपल्या बुटांचाही विचार करावा लागेल. सेफ्टी शूजच्या पुढच्या भागात पोलादी टोपी असते आणि ती चामड्यासारखी सैल पडत नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, उभे राहून माप घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. सुती मोज्यांचा दुसरा जोड डब्यासोबत न्यावा आणि जेवणाच्या सुट्टीत घामाचे मोजे बदलावेत. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस बंद बूट घालता येणार नाहीत, तेव्हा कारखान्यात सँडल घालून काम करण्याचा धोका न पत्करता डॉक्टरांचे पत्र देऊन रजा किंवा बसून करण्याचे काम मागून घ्यावे.

प्रश्न : माझे वय ४४ आहे. पायाची तीन नखे पिवळी आणि ठिसूळ झाली आहेत. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम अनेक महिने लावले, पण फरक नाही. शेजारच्या ताईंना फंगसच्या गोळ्यांनी बरे वाटले. त्याच गोळ्या मी घेऊ काय? तोपर्यंत नेलपॉलिश लावून नखे झाकली तर चालेल काय? — एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : तपासणीविना गोळ्या घेऊ नयेत. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांमध्ये फंगस असते. उरलेली नखे सोरायसिस, चपलेचा सततचा दाब, जुना मार किंवा वय यांमुळे तशी दिसतात आणि त्यांना फंगसच्या गोळीचा काहीही उपयोग नसतो. त्वचारोगतज्ज्ञ नख कापून त्याखालील भुगा घेतात, केओएच द्रावणात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि गरज वाटल्यास कल्चरला पाठवतात. ही साधी आणि स्वस्त तपासणी आहे. तिच्या आधी काही दिवस मलम बंद ठेवावे लागते, ते विचारून घ्यावे.

फंगस निश्चित झाल्यास पायाच्या नखांसाठी टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे सहसा १२ आठवडे देतात. ती यकृताला त्रास देऊ शकते, म्हणून आधी रक्ततपासणी करतात. आपण इतर कोणती औषधे घेता, हेही डॉक्टरांना सांगावे. गोळ्या संपल्या तरी नख लगेच स्वच्छ दिसत नाही. मुळाकडून येणारा नवा भाग निरोगी असतो आणि तो टोकापर्यंत पोहोचायला वर्ष-दीड वर्ष जाते. या काळात ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून दुसरे, तिसरे औषध सुरू करणारे रुग्ण फार आहेत. आपल्या मलमाचा उपयोग झाला नाही, याचे कारण साधे मलम जाड नखातून खाली पोहोचत नाही. थोड्याच भागात फंगस असेल तर नखावर लावायची अमोरोल्फिनसारखी लॅकर वापरता येते, आणि पोडिआट्रिस्टने आधी नख घासून पातळ केले तर ती अधिक चांगली काम करते.

बोटांच्या फटींत चिखल्या असतील तर त्यांवरही एकाच वेळी उपचार करावेत, नाहीतर नख बरे होऊनही फंगस तेथून परत येते. जोडव्यांखालची त्वचा ओली राहते. अंघोळीनंतर जोडवी सरकवून ती जागा पुसावी. दुकानातून मिळणाऱ्या, तीन-चार औषधे एकत्र केलेल्या मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. खाज तात्पुरती थांबते, परंतु फंगस पसरते. आज घराघरांत न बऱ्या होणाऱ्या गजकर्णामागे हे एक मोठे कारण आहे, आणि अशी मलमे चिठ्ठीविना सर्रास विकली जातात याचा मला मनापासून राग येतो.

नेलपॉलिशविषयी माझे मत असे की, निदान होईपर्यंत ती लावू नये. नखाचा बदलता रंग दिसत राहिला पाहिजे. एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी तपकिरी किंवा काळी पट्टी, आणि त्यातही तो रंग नखाशेजारच्या त्वचेवर उतरलेला असेल, तर ती नखाखालच्या कर्करोगाची खूण असू शकते. ठेच लागून साकळलेले रक्तही काळे दिसते, पण ते नखाबरोबर पुढे सरकत जाते. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून अनेक वर्षे नवरात्रात सदरहून कोराडीच्या देवीला अनवाणी चालत जातो. यंदा तपासणीत पायाची जाणीव गेल्याचे सांगितले आणि अनवाणी चालू नका, असा सल्ला मिळाला. नवस मोडणे मनाला पटत नाही. काही मार्ग आहे काय? — एक वाचक, सदर

उत्तर : आपली श्रद्धा आणि आपला पाय या दोहोंचा विचार करूनही मला तपासणाऱ्यांपेक्षा वेगळे सांगता येत नाही. जाणीव गेलेल्या पायाने डांबरी रस्त्यावर अनवाणी चालू नये. काच रुतली तरी आपण चालत राहाल, आणि मंदिरात पोहोचल्यावर फरशीवर उमटलेले रक्ताचे ठसे दुसरा कोणीतरी आपल्याला दाखवील. अशा लहानशा जखमेतून जंतू हाडापर्यंत पोहोचल्यामुळे बोट किंवा पाऊल काढावे लागल्याची उदाहरणे कोणत्याही मोठ्या रुग्णालयात पाहायला मिळतात.

चालणे मात्र सोडण्याची गरज नाही, जर पायावर सध्या जखम नसेल आणि रक्तपुरवठा चांगला असल्याचे तपासले असेल. मागे पट्टा असलेली एमसीआरची सँडल आणि आतून शिवण न टोचणारे, फिक्या रंगाचे सुती मोजे घालून जावे. मोजा फिका असला की रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. अंगठ्याची चप्पल घालू नये; बधिर पायातून ती निसटते तरी कळत नाही, आणि तिचा पट्टा बोटांच्या फटीत घासतो. वाटेत दोन-तीन वेळा बसून मोजे काढून पाय पाहावेत. मंदिरात पादत्राणे काढल्यावर मोजे पायांत राहू द्यावेत. घरातील वडीलधाऱ्यांशी किंवा मंदिरातील पुजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलावे. नवस दुसऱ्या रूपाने फेडण्याचे मार्ग आपल्या परंपरेत पुष्कळ आहेत आणि आपल्यापेक्षा ते त्यांना अधिक माहीत असतात. हेच पथ्य मे महिन्यात कोणत्याही देवळाच्या दगडी फरशीवर पाळावे, कारण नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा उन्हात तापलेल्या दगडावर काही पावलांतच तळव्याला फोड येतात. नागद्वारच्या यात्रेला पावसात जाणाऱ्यांनी कोरड्या मोज्यांचे दोन-तीन जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावेत.

प्रश्न : इतवारीत माझे कापडाचे दुकान आहे. दिवसभर उभे राहून करंगळीवर आणि तळव्याला कुरूप झाले आहे. कॉर्न कॅप लावल्यावर जाते, पुन्हा येते. मधुमेह नाही. — एक वाचक, इतवारी

उत्तर : कुरूप हे दाबाला त्वचेने दिलेले उत्तर असते. दाब तोच राहिला तर ते परत येणारच. पोडिआट्रिस्ट पात्याने मेलेली त्वचा थरांथरांनी तासून मधला टणक गाभा काढतात. त्यात मेलेलीच त्वचा जात असल्यामुळे फारसे दुखत नाही. त्यानंतर पुढे रुंद असलेली चप्पल आणि तळव्याखाली मऊ गादी वापरावी, आणि दुकानात उभे राहण्याच्या जागी जाड रबरी चटई टाकावी. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक आम्ल असते आणि ते निरोगी त्वचाही जाळते. आपल्याला मधुमेह नाही म्हणून आजवर निभावले. घरातील मधुमेही व्यक्तीला ती पट्टी कधीही लावू देऊ नका. तळव्यावरील गाठ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर अधिक दुखत असेल आणि तिच्यात काळे ठिपके दिसत असतील, तर ते कुरूप नसून चामखीळ असू शकते आणि तिचा उपचार वेगळा आहे.

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. वडिलांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन आठवड्यांपासून त्यांचे डावे पाऊल सुजले असून हाताला गरम लागते, पण फारसे दुखत नाही. जखम कोठेही नाही. एक्स-रे साधा आला. मुरगळले असेल असे समजून ते तेल लावून बागेत फिरतात. — एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : आपले पत्र वाचताच आपल्याला वेगळे कळवले आहे, तरी इतर वाचकांसाठी येथेही लिहितो. बधिर पायाचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेले असेल, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो शार्को पाय समजावा. यात पावलाची हाडे आणि सांधे आतून ठिसूळ होऊन चालता चालता मोडत जातात, आणि जाणीव नसल्यामुळे रुग्ण त्याच पायावर वजन टाकत राहतो. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे साधा येऊ शकतो, म्हणून साध्या एक्स-रेवर विसंबून राहू नये. शंका उरल्यास एमआरआय करतात. दोन्ही पावलांचे तापमान एकाच जागी मोजल्यास दोन अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक फरक आढळतो. रक्तवाहिनीत झालेली रक्ताची गाठ आणि जंतुसंसर्ग यांची शक्यताही डॉक्टर त्याच वेळी तपासतील.

वडिलांचे चालणे आजच थांबवावे. उपचाराचा गाभा म्हणजे पावलावरील भार काढणे. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंत पायाला बेतून घातलेले प्लास्टर करतात, सूज उतरेल तसे ते पुन्हा पुन्हा बदलतात, आणि दोन्ही पावलांचे तापमान सारखे होईपर्यंत, म्हणजे बहुधा काही महिने, ते ठेवतात. वेळेवर केले तर पावलाची कमान टिकते. दुर्लक्ष झाले तर ती कोसळून तळवा मधोमध फुगीर होतो आणि त्या फुगवट्यावर पुढे न भरणारी जखम होते. तेल चोळणे, शेकणे आणि घट्ट पट्टी बांधणे बंद करावे.

गाडीची सोय करून त्यांना नागपूरला आणावे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा मिहानमधील एम्स यांपैकी कोठेही गेलात तर ऑर्थोपेडिक किंवा सर्जरीच्या ओपीडीत ‘मधुमेह आहे, पाऊल गरम आणि सुजलेले आहे, जखम नाही’ एवढे पहिल्याच वाक्यात सांगावे. सोबत जुना एक्स-रे, साखरेचे अहवाल, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि ते बागेत वापरतात ती चप्पल किंवा बूट न्यावेत, कारण आतला तळ कोठे झिजला आहे हे पाहून पावलाचा कोणता भाग भार घेतो, ते तपासणाऱ्यांना समजते. ताप येत असेल किंवा पावलावर कोठेही त्वचा फाटलेली दिसली, तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता थेट अपघात विभागात न्यावे.